मिनिएचर घोड्याचा अडकणारा पाय

घोडा उभ्या उभ्या झोप घेऊ शकतो, त्यात मागच्या पायाच्या एका रचनेचा मोठा वाटा असतो. कुशीच्या खाली स्टायफल नावाचा सांधा असतो. आपल्या शरीरात त्याच्या जागी गुडघा आहे. या सांध्याच्या वाटीला नडगीच्या हाडाशी बांधणारे तीन अस्थिबंध असतात. त्यांपैकी आतल्या बाजूचा अस्थिबंध मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर चढला, की कडी कोयंड्यात बसावी तसा पाय सरळ राहतो आणि स्नायूंना विसावा मिळतो. पाऊल टाकायची वेळ आली, की मांडीचा स्नायू वाटीला जरा वर ओढून अस्थिबंध सोडवतो. हे सुटणे लांबले, तर पाय मागे ताठ राहतो, खुराचे टोक जमिनीवर घासत जाते आणि मग एकदम झटका बसून पाय पुढे येतो.

शेटलंड पोनी आणि मिनिएचर घोडे यांच्यात हा दोष विशेष आढळतो. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमाप्रमाणे या घोड्याची उंची आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी ३४ इंचांहून अधिक चालत नाही. एवढ्या लहान जनावराला कोणी फारसे कामाला लावत नाही आणि माझ्या मते अर्धी अडचण तिथेच सुरू होते. मागचे पाय मुळात सरळसोट, वय कोवळे आणि मांडीचे स्नायू दुबळे, असे तिन्ही जुळून आले, की वाटी अडकू लागते.

इथे टेक्सासमध्ये आमच्याकडे असलेल्या तरुण घोडीचा पाय पूर्ण अडकत नसे. दुडक्या चालीवरून साध्या चालीवर येताना किंवा उतारावर तो क्षणभर थबके. पशुवैद्यांनी आधी क्ष-किरण तपासणी करून सांध्यात दुसरे काही बिघडलेले नाही याची खात्री केली, आणि ते फार आवश्यक होते. मिनिएचर शिंगरांमध्ये वाटी बाहेरच्या बाजूला निसटण्याचा एक जन्मजात विकार असतो, त्यात शिंगरू मागचे पाय दुमडून बसल्यासारखे उभे राहते. त्याचे उपचार सर्वस्वी वेगळे आहेत.

लंगडणाऱ्या घोड्याला तबेल्यात बांधून विश्रांती द्यावी, असे कोणालाही वाटेल. पण या दोषात विश्रांतीने स्नायू आणखी झिजतात आणि पाय अधिकच अडकतो. म्हणून घोडी दिवसरात्र कुरणात मोकळी राहील अशी व्यवस्था आम्ही केली. रोज हातात दोर धरून तिला सरळ रेषेत, हलक्या चढावर चालवतो, जमिनीवर ठेवलेल्या आडव्या दांड्यांवरून नेतो आणि चालीचा वेळ हळूहळू वाढवतो. लहान वर्तुळात फिरवणे मात्र टाळतो, कारण त्याने सांध्यावर ताण येतो. नालबंद खुराचे पुढचे टोक आखूड ठेवून त्याची आतली कड गोलसर घासतो, त्यामुळे पाऊल लवकर उचलले जाते. पाय पूर्ण अडकलाच, तर घोड्याला शांतपणे मागे सरकवावे. बहुतेक वेळा वाटी त्याने सुटते.

खाण्याच्या बाबतीत हे घोडे फार नाजूक असतात. स्नायू वाढावा म्हणून दाणा वाढवला, तर चरबी चढून खुरांचा दाह होण्याचा धोका असतो; उलट वजन उतरवण्यासाठी उपाशी ठेवले, तर रक्तातली चरबी इतकी वाढू शकते, की यकृत निकामी होऊन जीव जातो. त्यामुळे भर चांगल्या गवतावर, मोजक्या प्रथिनांवर आणि खनिजांवर ठेवावा.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी बैलांमध्ये आणि म्हशींमध्ये हाच दोष पाहिला असेल. तिथे पशुवैद्य उभ्या जनावराला स्थानिक भूल देऊन आतला अस्थिबंध कापतात आणि जनावर लगेच नीट पाऊल टाकू लागते. घोड्यातही ही शस्त्रक्रिया करतात. पण त्यानंतर वाटीला पूर्वीचा आधार राहत नाही आणि तिच्या खालच्या टोकाचे तुकडे पडून कायमचे लंगडेपण येऊ शकते. अस्थिबंधाला बारीक छेद देऊन तो जाड होऊ देण्याची सौम्य पद्धतही आता उपलब्ध आहे. पाय वारंवार पूर्ण अडकून जनावराचे हाल होत असतील, तर शस्त्रक्रिया नाकारू नये. परंतु काही महिने नेटाने व्यायाम दिल्याशिवाय अस्थिबंध कापायला मी तयार होणार नाही, कारण एकदा कापलेला तो पूर्ववत होत नाही.

पायांची ही ठेवण पिढीजात उतरते. म्हणून घोडी उद्या कितीही छान चालू लागली, तरी तिची पैदास न करण्याचे आम्ही ठरवले आहे.