तुम्ही विचारलंत म्हणून : पहिल्याच स्वरावर गळा का आवळतो?

‘आता’, ‘ऐक’, ‘ऊठ’ अशा स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांवर गळ्यात टक् असा झटका बसतो, तो कसा घालवावा, असे नट मला नेहमी विचारतात. ‘म’ म्हणताना ओठांना काम असते. स्वराची सुरुवात मात्र सर्वस्वी स्वरपट्ट्यांवर, म्हणजे स्वरयंत्रातल्या कंप पावून आवाज काढणाऱ्या दोन घड्यांवर, अवलंबून असते. श्वास येण्याआधीच त्या घट्ट मिटल्या, तर खाली दाब साचतो आणि आवाज फुटून बाहेर पडतो.

माझ्या मते दोष बहुधा त्याआधीच्या क्षणात असतो. समोरच्याचे वाक्य संपत आलेले असताना नट श्वास घेतो आणि आपली पाळी येईपर्यंत तो रोखून धरतो. या रोखण्यातच स्वरपट्ट्या मिटतात. म्हणून समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द ऐकता ऐकता श्वास घ्यावा आणि तो भरताच, मध्ये न थांबता, बोलू लागावे. ‘गळा सैल सोडा’ ही सूचना मी देत नाही, कारण गळ्याकडे लक्ष गेले की तो हमखास अधिक ताठरतो.

त्यानंतर ‘ह’ची मदत घ्यावी. ‘आई, ऐक, आता ऊठ’ या वाक्यातला प्रत्येक शब्द स्वराने सुरू होतो. ते आधी ‘हाई, हैक, हाता हूठ’ असे सावकाश म्हणावे, मग ‘ह’ हळूहळू पुसट करत न्यावा आणि शेवटी तो केवळ मनात ठेवून मूळ वाक्य बोलावे. श्वास सुटण्याची आणि स्वरपट्ट्या मिटण्याची वेळ जुळली, की आवाज झटक्याविना उमटतो. काहींचा आवाज मात्र यामुळे श्वास मिसळून पोकळ होऊन शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. त्यांनी ओठ मिटून गुणगुणावे आणि तोच नाद न तोडता ‘म’मधून ‘आ’मध्ये शिरावे.

संतापाच्या प्रसंगात एखादा स्वर मुद्दाम फोडावासा वाटतो. असा झटका एका शब्दापुरता जरूर वापरावा, परंतु साध्या बोलण्यातही स्वरपट्ट्या पुरुषांत सेकंदाला सुमारे 100 वेळा आणि स्त्रियांत सुमारे 200 वेळा एकमेकींवर आदळत असतात, हे ध्यानात घेऊन तालमीत तो प्रत्येक वेळी पूर्ण जोराने करू नये. या सरावात दुखता कामा नये. दुखल्यास तिथेच थांबावे, आणि आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला तर व्यायाम बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.