दोन गुण आणि प्रवेशाचं वर्ष

इंग्लंडात एमएस्सीचा निकाल कुणी एक प्राध्यापक लावत नाही, एक्झाम बोर्ड लावतं. आमच्या विभागाच्या बोर्डाची मी सचिव. याद्या तयार करायच्या, नियमांची पुस्तिका हाताशी ठेवायची आणि कोण काय म्हणालं ते टिपून घ्यायचं. मताचा अधिकार नाही. मुलं उन्हाळाभर डिझर्टेशनशी, म्हणजे शेवटच्या प्रबंधाशी, झगडून सप्टेंबरात ते देतात आणि शेवटचं बोर्ड नोव्हेंबरात बसतं.

इथली एमएस्सी १८० क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे साधारण दहा तास, त्यामुळे सगळं मिळून १८०० तासांचं काम. आमच्याकडे त्यातले १२० क्रेडिट मॉड्यूलचे, म्हणजे विषयांचे, आणि ६० डिझर्टेशनचे. पासला ५०, मेरिटला ६०, डिस्टिंक्शनला ७०. सत्तरच्या वर गुण द्यायचे म्हटलं की इथल्या मास्तरांचा हात असा आखडतो, की ७२ पडले तरी पेढे वाटावेत. क्रेडिट कमी पडले तर १२० वर पीजी डिप्लोमा, ६० वर पीजी सर्टिफिकेट. कागदावर ही सन्मानानं बाहेर पडायची वाट. परदेशातून आलेल्या पोराला मात्र ती परतीच्या विमानाकडे नेते, कारण शिक्षणानंतर थांबून काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा पदवीवर मिळतो, अशा डिप्लोमावर नाही.

त्या दिवशी सार्वजनिक आरोग्याची यादी पडद्यावर होती. नावं नसतात, नुसते नंबर. घरी कोण आजारी होतं, कुणाची नोकरी गेली, यातलं बोर्डाला काही सांगत नाहीत. अशा अडचणींचे अर्ज दुसरी समिती बघते आणि मान्य की अमान्य एवढंच आमच्यापर्यंत येतं.

एका ओळीवर सगळेच थांबले. सरासरी ६६, डिझर्टेशनला ७१, आणि शेवटच्या रकान्यात ‘पीजी डिप्लोमा’. कारण संख्याशास्त्राचं पंधरा क्रेडिटचं मॉड्यूल. पहिल्या खेपेला ३६, रीसिटला, म्हणजे फेरपरीक्षेला, ४८. आमच्याकडे संधी दोनच.

‘दोन गुणांसाठी पदवी घालवायची?’ आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक तडकले. मीही पूर्वी सोलापूरकडे एका कॉलेजात परीक्षेचं काम केलेलं, मनात लगेच ग्रेसचा हिशेब सुरू. आपल्याकडे ग्रेस म्हणजे नियमातच लिहून ठेवलेली दया. इथेही तशी दया आहे, तिला कॉम्पेन्सेशन म्हणतात. ४० ते ४९ मध्ये अडकलेल्या मॉड्यूलचे क्रेडिट बाकीच्या कामगिरीकडे बघून देतात, जास्तीत जास्त ३० क्रेडिटपर्यंत. गुण मात्र वाढत नाहीत. गुणपत्रिकेवर ४८ चे ४८ च राहतात. पण हे मॉड्यूल ‘कोअर’, म्हणजे स्वतःच्या गुणांवर पास व्हायलाच हवं असं, आणि कोअरला कॉम्पेन्सेशन नाही.

बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक, आमच्या एक्स्टर्नलबाई, शांतपणे म्हणाल्या, ‘एकाचे गुण मला हलवता येणार नाहीत. पेपरच चुकीचा तपासला गेला असेल तर सगळ्या वर्गाचे बघू.’ वर्गाचे आकडे बघितले. तपासणीत काही वावगं नव्हतं.

अध्यक्ष पुढच्या ओळीकडे वळणार तेवढ्यात नंबराशेजारची ‘पार्ट टाइम’ ही खूण मला दिसली. म्हणजे प्रवेश आदल्या वर्षीचा. मत नसलं तरी नियम निदर्शनास आणणं हे माझं कामच. मी दोन्ही वर्षांचे अभ्यासक्रमाचे तक्ते शेजारी शेजारी उघडले. मान्यता देणाऱ्या व्यावसायिक संस्थेनं मागणी केल्यामुळे संख्याशास्त्र कोअर झालं होतं, पण ते यंदापासून. जुन्या तक्त्यात ते नुसतं सक्तीचं, म्हणजे घ्यायलाच हवं, पण कॉम्पेन्सेशन चालेल असं. आणि पुस्तिका सांगते की विद्यार्थ्याला नियम लागू होतात ते प्रवेशाच्या वर्षाचे. निकालाच्या सॉफ्टवेअरनं सरसकट यंदाचे लावले होते.

दहा मिनिटांची सुट्टी झाली. गुणवत्ता विभागाला फोन झाला, बाईंनी दोन्ही तक्ते स्वतः वाचले. मग मी इतिवृत्तात लिहिलं: प्रवेशवर्षाच्या नियमांनुसार कॉम्पेन्सेशन मंजूर, एमएस्सी विथ मेरिट.

खरा वाद पुढे पेटला. सगळे पार्ट टाइम नंबर पुन्हा तपासताना एक उलटं प्रकरण निघालं. सरासरी ७१, डिझर्टेशन ६८. यंदा डिस्टिंक्शनला सरासरी पुरते, जुन्या नियमात डिझर्टेशनलाही ७० लागत. मग याला जुने नियम लावून खाली ओढायचं? पुस्तिकेत पुढचंच वाक्य होतं की बदल विद्यार्थ्याच्या फायद्याचा असेल तर तो लावता येतो. ‘म्हणजे पार्ट टाइमवाल्यांची दोन्हीकडून चांदी!’ तेच प्राध्यापक, आता उलट्या बाजूनं. बाई म्हणाल्या, नियम बदलले तुम्ही, त्याची झळ विद्यार्थ्यानं का सोसायची? मला हे पटलं. प्राध्यापकांना नाही पटलं, तरी त्यांनी हात वर केला. डिस्टिंक्शन कायम राहिलं.

यादीत आता प्रवेशवर्षाचा स्वतंत्र रकाना आहे. संख्याशास्त्र कोअर करायलाच नको होतं, हे त्या प्राध्यापकांचं पालुपद मात्र सुरूच आहे. मी त्यांच्या बाजूची नाही. साथीचे आकडे वाचायला निघालेल्याला संख्याशास्त्रात पास व्हायला सांगणं यात जाच कसला? फक्त ते प्रवेश घेतानाच सांगा.