विंगेतला हार्लेक्विन

आज बार्सिलोनाच्या पिकासो म्युझियममध्ये एका चित्रापाशी पायच थबकले. 1917 चं ‘हार्लेक्विन’. हार्लेक्विन म्हणजे इटलीच्या कॉमेदिया देल्लार्ते नाटकांतला खोडकर नोकर, सतत उड्या मारणारा, लोकांना हसवणारा. इथे मात्र तो लाल कापड घातलेल्या कठड्याला रेलून, डोकं हातावर टेकून शांत उभा आहे. मागे लाल पडदा. चेहऱ्यावर मुखवटा नाही. अंगावर शंकरपाळ्यांसारख्या चौकटींचा पोशाख, पण रंग इतके फिकट, की जणू धुऊन धुऊन विटलेत.

हा मासीन असं मानतात. दियागिलेव्हच्या रशियन बॅले कंपनीतला विशीतला नर्तक. त्याच वर्षी मे महिन्यात पॅरिसला ‘पराद’ हा बॅले झाला होता. नृत्यरचना मासीनची, पडदा आणि पोशाख पिकासोचे. मग कंपनी बार्सिलोनाला आली आणि पिकासोही आला, कारण कंपनीतल्या ओल्गावर त्याचं मन जडलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी लग्न केलं. हे चित्र त्याने 1919 मध्ये या शहराला देऊन टाकलं. केवढं मोठं मन!

मी लहानपणी नाचायचे. पाचवीच्या गॅदरिंगला विंगेत उभी होते, चाळ बांधून, तोंडाला रंग फासून. आधीचं नाटक संपत नव्हतं आणि घामाने काजळ उतरत होतं. मासीनच्या डोळ्यांत आज तेच थांबणं दिसलं. समोरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. बंद व्हायची वेळ झाली तेव्हा उठले.