तुम्ही विचारलंत म्हणून: विक्रम सोडून मी अपघातच का सांगतो

व्याख्यान संपलं की कुणीतरी हमखास गाठतं. "काका, विमानांच्या वेगाचे एवढे विक्रम झालेत, ते सोडून तुम्ही त्या जळालेल्या एअरशिपांचंच, म्हणजे हवेपेक्षा हलका वायू भरून उडणाऱ्या त्या प्रचंड जहाजांचंच, काय घेऊन बसता?" पाठोपाठ दुसरं कुणी म्हणतं, "हायड्रोजन भरल्यावर पेटणारच की. त्यात सांगण्यासारखं काय?" चहाचा कप हातात धरून उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

हायड्रोजनचं आधी उरकतो. अमेरिकन नौदलाच्या 'अॅक्रन' या एअरशिपमध्ये हेलियम होता, आणि हेलियम पेटत नाही. तरी ४ एप्रिल १९३३ रोजी ते वादळात न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात कोसळलं आणि ७६ पैकी ७३ माणसं गेली. १९३७ मध्ये जळालेल्या जर्मन 'हिंडेनबर्ग'मध्ये ३६ गेली. पण त्या दुर्घटनेचं चित्रीकरण झालं, म्हणून ती सगळ्यांना पाठ आहे. नुसत्या वायूवर खापर फोडून हा विषय संपत नाही.

मला सांगायचं असतं ते आर-१०१ बद्दल. ब्रिटिश हवाई मंत्रालयाने इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनला बांधलेलं हे एअरशिप १९३० मध्ये कराचीला यायला निघालं होतं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि तिथे त्याच्यासाठी प्रचंड शेड आणि मास्ट, म्हणजे एअरशिप बांधून ठेवायचा उंच मनोरा, उभारून तयार होता. हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन स्वतः त्यातून येणार होते. हा गृहस्थ जन्माने नाशिकचा. लंडनला साम्राज्य परिषद भरली होती, तिच्यासाठी २० ऑक्टोबरपर्यंत त्यांना परत पोचायचं होतं. तारीख आधी ठरली आणि एअरशिपला त्या तारखेत बसवायचं होतं.

माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली. म्हणून मला यात थॉमसनपेक्षा मॅकवेड जवळचा वाटतो. तो कार्डिंग्टनचा तपासणी अधिकारी. आतल्या वायूच्या पिशव्या बैलांच्या आतड्याच्या अस्तराच्या केलेल्या असत, पातळ आणि नाजूक. एअरशिप हलू लागलं की त्या सांगाड्याच्या कडांना, नट-बोल्टांना घासायच्या आणि त्यांना भोकं पडायची. उपाय म्हणून हजारो ठिकाणी कापडाच्या गाद्या गुंडाळल्या. मॅकवेडने ३ जुलै १९३० रोजी वरिष्ठाला लिहिलं की हा उपाय नव्हे. पिशव्या हलल्या की गाद्या सैल होतात, घासणारी जागा पुन्हा उघडी पडते, आणि गादीखाली ओल धरून गंज चढतो तो वेगळाच. उड्डाणाच्या परवान्याला मुदतवाढ द्यावी अशी शिफारस मी करू शकत नाही, हेही त्याने स्पष्ट लिहिलं. वरिष्ठाने ते पत्र वर पाठवलं नाही. एअरशिप विभागाचे संचालक कोलमोर यांनाच त्याबद्दल विचारलं. गाद्यांनी भागेल, असं कोलमोर यांनी कळवलं आणि फाइल मिटली.

पुढे जास्त वजन उचलता यावं म्हणून एअरशिप मधोमध कापून एक नवा भाग घातला गेला. १ ऑक्टोबरच्या चाचणीत एका इंजिनाचा ऑइल कूलर बिघडला, त्यामुळे पूर्ण वेगाची चाचणी झालीच नाही. ती हिंदुस्थानच्या वाटेवर करायची ठरली. चाचणी प्रवाशांना घेऊन! हे वाक्य मी व्याख्यानात वाचतो तेव्हा माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे.

४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, पाऊस सुरू असताना ते निघालं. मास्टवरून सुटण्यासाठीच चार टन पाणी ओतून द्यावं लागलं. मध्यरात्रीच्या सुमारास वायरलेसवरून निरोप आला की प्रवासी उत्तम जेवण करून, शेवटचा सिगार ओढून झोपायला गेले आहेत. दोन वाजता पाळी बदलली. मागच्या इंजिनावर इंजिनिअर बिंक्स जरा उशिरा आला आणि आधीच्या पाळीच्या बेलशी बोलत थांबला. त्याच वेळी नाक खाली गेलं, सावरलं, पुन्हा गेलं. फ्रान्समधल्या बोव्हेजवळच्या डोंगरउतारावर ते तसं हळूच टेकलं, आणि मग पेटलं. बिंक्स आणि बेल यांच्यावर पाण्याची टाकी फुटली म्हणून ते वाचले. ५४ पैकी ४८ गेले. थॉमसन गेले, कोलमोरही गेले.

चौकशी केली जॉन सायमन यांनी. हो, १९२८ मध्ये मुंबईत ज्यांना काळे झेंडे दाखवले तेच. त्यांच्या अहवालात कारण दिलं आहे ते पुढच्या भागातला वायू निसटल्याचं. पण त्यांनी हेही लिहून ठेवलं की सार्वजनिक धोरणाची निकड नसती तर आर-१०१ त्या संध्याकाळी निघालंच नसतं.

पूर्वी मी सरळ सांगायचो की दोष थॉमसनचा. आता तसं म्हणवत नाही. एका रात्री माझ्याही समोर सहीचा कागद आला होता. हायड्रॉलिकच्या एका जोडाशी ओल होती, पुसली की परत यायची. उड्डाणाची वेळ ठरलेली, वरून फोनवर फोन. मी सही केली नाही, दुसऱ्याने केली. विमान सुखरूप उतरलं. माझं बरोबर होतं की चूक, हे त्यामुळे कधी ठरलंच नाही. पुढे बरीच वर्षं 'अडवणूक करणारा' म्हणून माझी ओळख राहिली. आर-१०१ कराचीला पोचलं असतं तर मॅकवेडलाही लोकांनी तेच म्हटलं असतं.

आता तुमचे विक्रम. २९ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटिश वैमानिक स्टेनफर्थने सुपरमरीन एस-६बी हे विमान ताशी ६५५ किलोमीटर वेगाने नेलं. बोव्हेला वर्षही झालं नव्हतं. २३ ऑक्टोबर १९३४ रोजी इटलीच्या अजेलोने माकी एमसी-७२ मधून ७०९ गाठले. हे मोठे पराक्रम आहेत, मी नाकारत नाही. पण त्याच माकीची चाचणी घेताना १९३१ मध्ये मोंटी आणि बेलिनी गेले. सुपरमरीनच्याच एस-५ वर विक्रमाचा प्रयत्न करताना १९२८ मध्ये किंकेड गेला. विक्रमाच्या यादीत यांची नावं नसतात, कारण यादीत फक्त साधलेलं येतं.

त्या वैमानिकांनी जोखीम स्वतःहून घेतली, झोपलेल्या प्रवाशांना कुणी विचारलं नव्हतं, असा फरक मी करत आलो. तो फरक मला अजूनही खरा वाटतो. पण ही विमानं ज्या श्नायडर चषकाच्या शर्यतीसाठी बांधली होती, तिची तारीख त्यांच्याही डोक्यावर होतीच. त्यांच्या हँगरमध्येही कुणी मॅकवेड असेल, आणि त्याचं पत्र चौकशीपर्यंत पोचलंच नसेल. म्हणून विक्रम सांगायला उभा राहिलो तरी मी शेवटी सहीच्या त्या कागदापाशीच येतो.