काळीत होतास का पांढरीत?

गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी किल्लारीचं नाव घेतो. माझं गाव किल्लारी नव्हे, तिथून जवळचं, सास्तूरच्या बाजूचं. पण त्याचं नाव पुण्यात कुणाला ठाऊक नसतं आणि किल्लारी सगळ्यांना ठाऊक असते. नाव ऐकलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "मग भूकंपाच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

तीस वर्षं होऊन गेली, हा प्रश्न चुकलेला नाही. विचारणारा वयानं मोठा असेल तर स्वतःचंही सांगतो. कुणी पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत होता, कुणाची हैदराबादेत खाट हलली, कुणी मुंबईत जागा झाला आणि पंखा डुलताना बघितला. पूर्वी मला या गोष्टी ऐकवत नसत. आता मी त्या शेवटपर्यंत ऐकतो, कारण सांगणाऱ्याच्या आवाजात खरंच काहीतरी हललेलं असतं. माझं उत्तर मात्र इतकी वर्षं दोनच शब्दांचं होतं, "लातूरला होतो." त्यापुढे मी बोलायचो नाही. परवा आमच्या कार्यालयातल्या एका मुलीनं विचारलं. ती तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हती. "लातूरला म्हणजे कुठे? काय करत होतात?" असं तिनं पुढे विचारलं आणि मला सांगता येईना. तुम्हीही विचारलंत म्हणून आज बसून लिहितो आहे.

मी सतरा वर्षांचा होतो. बारावीसाठी लातूरला खोली घेऊन राहत होतो. तिघं मुलं, एक स्टोव्ह, एक माठ. १९९३ची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. गावाकडून आठ दिवस आधी निरोप आला होता, इसर्जनाला ये. निरोप आज्जीचा होता. मी गेलो नाही, कारण क्लासची चाचणी होती. त्या रात्री उशिरापर्यंत आम्ही रस्त्यावर मिरवणूक बघितली, परत येऊन दिवा न लावताच पडलो.

३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. वेळ मला नंतर कळली. मला आठवतो तो आवाज. खालून एखादा लांबलचक ट्रक जावा तसा. मग माठ फुटला आणि पाणी माझ्या अंथरुणाखाली आलं. मी आधी पाण्यामुळे उठलो आणि मग जमीन हलते आहे हे समजलं. बाहेर सगळी गल्ली उभी होती, बाया लेकरांना पोटाशी धरून. कुणीतरी म्हणालं, कोयना. तेव्हा महाराष्ट्रात भूकंप म्हटलं की कोयनाच डोक्यात यायची. ११ डिसेंबर १९६७चा तो भूकंप आमच्या आईबापांच्या पिढीला ऐकून माहीत होता. मुख्यमंत्री शरद पवारांनाही त्या पहाटे पहिली शंका कोयनेचीच आली होती, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. आम्हीही तेच धरून बसलो. कोयनेचा धक्का एवढा लांब आला म्हणजे तिकडे काय झालं असेल, असं म्हणत साताऱ्याकडच्या लोकांची काळजी करत होतो. ज्या भागाची काळजी करायला हवी होती तो आमच्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर होता.

उजाडल्यावर जखमींनी भरलेल्या जीपा लातुरात येऊ लागल्या. एका जीपच्या फळीवर आमच्या शेजारच्या गावचा माणूस बसलेला होता. मी त्याला ओळखलं, त्यानं मला नाही. डोक्यापासून पायापर्यंत तो पांढरा होता. मी नुसतं विचारलं, "आमचं गाव?" तो म्हणाला, "गाव न्हाई राहिलं." आवाज न चढवता म्हणाला, एसटी निघून गेली असं सांगावं तसं.

औश्यापर्यंत एसटी, लामजन्यापर्यंत एका ट्रकात, पुढे चालत. त्या वाटेबद्दल मी फारसं लिहिणार नाही.

आमची घरं कशी होती ते मात्र सांगायला हवं, नाहीतर काय झालं ते कळणार नाही. दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, गोट्यासारखे दगड, सांधायला चिखल. भिंतीला आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मधे नुसती भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड फार थोड्या ठिकाणी. वर लाकडी तुळया आणि त्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. माळवदावर पांढरी माती. पाऊस गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात आणखी एक थर टाकायचा, बापाच्या वेळचा, आज्ज्याच्या वेळचा, सगळे एकावर एक. उन्हाळ्यात त्या घरात असा गारवा असायचा की बाहेरचं ऊन विसरून जावं. आमच्या भागाला भूकंपाचा धोका सगळ्यात कमी, असं सरकारी नकाशातही होतं. आम्ही पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित पट्ट्यात मोडत होतो. पुढे २००२ साली तो पहिला पट्टाच नकाशातून काढून टाकला गेला आणि लातूर तिसऱ्यात गेलं.

भूकंप ६.२ क्षमतेचा होता, कोयनेहून मोठा नाही. पण तो फार खोल नव्हता, दहा-बारा किलोमीटरवर, आणि माणसं नुकती पाठ टेकून आत झोपलेली. दोन्ही थर दोन बाजूंना फाकले आणि माळवद खाली आलं. कित्येकांना इजा अशी झालीच नव्हती. नाकातोंडात माती गेली होती. मेलेल्यांचे आकडे वेगवेगळे सांगतात, आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत. पूर्ण उद्ध्वस्त होऊन दुसरीकडे बसवावी लागली अशी गावं बावन्न.

आमच्याकडे शेतीच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. हे शब्द जुने आहेत, सगळ्या महाराष्ट्रात आहेत. त्या दिवसानंतर आमच्या भागात ते वेगळ्याच कामाला आले. पाहुणा भेटला, एसटीत ओळखीचा दिसला, तर म्हातारी माणसं विचारायची, "काळीत व्हतास का पांढरीत?" काळीत होता म्हणजे जागलीला, गोठ्यावर, पाण्यावर. म्हणजे वाचला. पांढरीत होता म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, "अंगणात का आत?" आणि आत म्हटलं की, "कोणच्या बाजूला?"

तुमचा प्रश्न आणि आमचा प्रश्न शब्दांनी जवळजवळ सारखाच आहे. तुम्ही शहराचं नाव अपेक्षिता. आमच्याकडे उत्तर हातानं मोजून द्यायचं असे. खांबाच्या अलीकडे होतो. धान्याच्या बळदाच्या पलीकडे होतो. उंबऱ्यावर डोकं होतं, पाय आत होते, म्हणून पाय गेले.

आमच्या घराचं उत्तर असं. बापू हायब्रीड ज्वारीच्या जागलीला शेतात होते, काळीत. आई आणि धाकटी बहीण मधल्या खणात, दोन खांबांच्या मधे. भिंती पडल्या पण खांब आणि तुळई तगली आणि तिच्याखाली दोघींपुरती जागा राहिली. बापूंनी आणि आणखी दोघांनी हातांनी माती उपसून त्यांना काढलं, तेव्हा दुपार होत आली होती. चुलता रात्री मिरवणुकीत झांज वाजवून आला आणि भिंतीकडेला झोपला. चुलती पाणी प्यायला उठली होती, ती परसदाराशी होती. आज्जी बळदाच्या खोलीत, आत. आमच्यातले दोन गेले. गावात मी दोनच म्हणायचो तेव्हा लोक मान हलवायचे, थोडक्यात निभावलं म्हणून. शेजारच्या घरी नऊ होते.

सरणाला लाकूड कुठून आणणार? घरांच्याच तुळया, दारं, खांब. आई ज्या तुळईखाली वाचली ती बापूंनी आज्जीच्या सरणाला घातली. कुणी घाला म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. पुढच्या दिवसांत पाऊस लागला आणि लोकांना तेही नीट करता आलं नाही.

मग सैन्य आलं, पत्रे आले, कपड्यांचे ढीग आले, देशभरातून माणसं आली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं शिकायला पुण्याला नेली, त्यांतली काही आमच्या गावची. हराळीला ज्ञान प्रबोधिनीनं शाळा उभी केली, ती आजही आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं नवी गावं वसली, जमिनीच्या हिशोबानं २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरं. आम्हाला ४५० मिळालं. या सगळ्याबद्दल बरंवाईट खूप बोलता येईल. मला एवढंच म्हणायचं आहे की जी माणसं तेव्हा धावून आली ती मी विसरलेलो नाही.

बापू त्या नव्या घरात कधी झोपले नाहीत. लोखंडी सळयांचं घर, भूकंपाला टिकेल असं अभियंत्यांनी समजावून सांगितलेलं. बापूंनी ऐकून घेतलं, हो म्हणाले आणि बाज अंगणातच ठेवली. पाऊस आला की पत्र्याखाली ओढायची, थांबला की पुन्हा बाहेर. शेवटची तीन वर्षं ते आजारी होते तेव्हाही.

आता जे मी आजवर सांगितलं नाही ते.

आदल्या वर्षी, १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आमच्याकडे जमिनीतून आवाज यायचे आणि लहान लहान हादरे बसायचे. भांडी वाजायची. लोकांनी कार्यालयांत जाऊन सांगितलंही होतं. त्या दिवसांत सगळं गाव बाहेर झोपायचं. मग हादरे थांबले, थंडी आली आणि माणसं कंटाळून घरात गेली. आज्जी तेवढी गेली नाही. तिचं अंथरूण अंगणात राहिलं, तुळशीच्या कडेला. मी सुट्टीत गावी गेलो की तिच्या शेजारी झोपायचो. तिला झोप कमी. मी पेंगेपर्यंत ती बोलत राहायची, कुणाच्या बैलाला काय झालं, कुणाची सून कशी वागते. मी नसलो तर ती एकटीच बाहेर असायची, कधी कधी आतही जायची, एकटीला करमत नाही म्हणून.

विसर्जनाला ये असा निरोप तिचा होता. मी गेलो असतो तर आम्ही दोघं अंगणात असतो. अंगणातला तुळशीकट्टा तसाच उभा होता, त्याच्या भोवती चार हात जागेत एक दगडही पडला नव्हता. मी पोचलो तेव्हा आधी ती जागा बघितली.

चाचणी वीस गुणांची होती. ती झालीच नाही.

खूप वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर, मी बापूंना हे एकदा बोलून दाखवलं. ते बाजेवर बसले होते. म्हणाले, "आरं, त्या रात्री भुरभुर पाऊस व्हता. म्हातारी पावसामुळं आत गेली. तू असतास तर तूबी आत गेला असतास." मला त्या शब्दांनी इतकं हलकं वाटलं की मी उठून परसात गेलो आणि तिथे रडलो.

पुढे एकदा चुलतीशी बोलता बोलता त्या रात्रीचा विषय निघाला. तिनं सांगितलं ती पाणी प्यायला उठली तेव्हा कसं टिपूर चांदणं पडलं होतं, रांजणातल्या पाण्यात चंद्र दिसत होता आणि तिनं तांब्या बुडवला तसा तो हलला. आधी तिला वाटलं तांब्यामुळे हलला. पाऊस होता का, असं मी विचारलं. "छे," ती म्हणाली, "पाऊस मागून आला, आपली माणसं जळाय लागल्यावर."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती, तेव्हा आभाळ मोकळं असेल तर चंद्र असणारच. त्या रात्री आमच्या भागात पाऊस होता की नव्हता हे कुठल्यातरी नोंदीत असेल. हवामान खात्याचे जुने कागद मिळतात. मी ते मागवलेले नाहीत. बापू शेतात होते, माळ्यावर, उघड्यावर. पाऊस असता तर तो सगळ्यात आधी त्यांच्या अंगावर पडला असता, म्हणजे त्यांना ठाऊक असणार. आणि नसला, तर तेही त्यांनाच ठाऊक असणार.

बापू जाऊन आता सहा वर्षं झाली. दर ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी मानवंदना होते, बंदुकीच्या फैरी झडतात. मी जमेल तेव्हा जातो आणि मग तिथून जुन्या गावठाणात जातो. बाभळी वाढल्या आहेत. आमच्या वाड्याची जागा मला तुळशीकट्ट्यावरून सापडते. गेल्या खेपेला मुलगा बरोबर होता. तो कट्ट्यावर बसला आणि त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही तेव्हा कुठे होतात?" मी त्याला म्हणालो, "लातूरला होतो. आणि इथे त्या रात्री पाऊस होता."