आइस्क्रीम कुठे लिहिलंय?

"आई, यावर आइस्क्रीम कुठे लिहिलंय?"

लेकीला नुकतंच वाचायला यायला लागलंय, त्यामुळे सगळं वाचते. मी कप फिरवून पाहिला. समोर आंब्याची फोड आणि घट्ट साय. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'फ्रोझन डेझर्ट'. घटकांत पाणी, साखर, मग पामतेल. दुधाची पावडर त्याच्याही मागे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे बघा!

दुकानदार काका हसले, "ताई, सगळे हेच नेतात. गार लागतं ना?"

साध्या आइस्क्रीममध्ये किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. तेलाचं असेल तर ते 'फ्रोझन डेझर्ट'; ते विकणं बेकायदा नाही, नावही छापलंय. तक्रार तरी काय करणार?

पण मग चित्रातली साय कुठल्या म्हशीची?