भिवंडीला लोकल हवीच
२०११च्या जनगणनेत भिवंडी शहरात ७ लाखांवर माणसं होती. मी इथल्या एका गोदामात हिशेब बघते. वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड स्टेशन आहे, रूळ आहेत, वरून वीज आहे. मालगाड्या धडधडत जातात, प्रवाशांच्या वाट्याला मात्र मोजक्या मेमू, म्हणजे विजेवरच्या पॅसेंजर गाड्या. संध्याकाळची चुकली की शेअर रिक्षा: मागच्या सीटवर चौघी, डबा मांडीवर आणि अंजूरफाट्याला कंटेनरची न हलणारी रांग. इतक्या दाट वस्तीत रस्ता किती रुंद करणार? एका लोकलमध्ये हजारो माणसं जातात. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग जेएनपीटीपर्यंत, म्हणजे न्हावा शेवा बंदरापर्यंत सुरू झाला, की इथल्या रुळांवर मोकळी होणारी वेळ आधी प्रवाशांना द्या. सुरुवात सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांपासून करा.